जितके जिवंत, तितके ठोके

१

अख्ख्या खाणपट्ट्यात माझ्याइतक्या वेळा मेलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. एकशे चौदा वेळा मेलोय मी. आता खरं सांगायचं तर त्यातल्या एकशे तेरा वेळा मी नुसताच जखमी होतो आणि एकदा मला झोप लागली होती. पण त्या दिवशी चार जणांनी मला पळवत बाहेर नेलं आणि कागदावर 'मृत' असं लिहिलं, म्हणून तो मी धरतो.

कामच तसं आहे माझं. दगडाच्या खाणीत नवा माणूस आला की त्याला आधी सहा दिवस सुरक्षेच्या वर्गात बसवतात. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कसा आवळायचा, धुळीत तोंडावरची पट्टी का काढायची नाही, सुरुंग उडाल्यावर किती वेळ जागचं हलायचं नाही, असलं सगळं. पहारीने छत ठोकून आवाज ऐकायला शिकवतात. चांगला दगड खणखणीत वाजतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की मागे फिरायचं, मग मुकादम तुमचा सासरा का असेना. हे पाच दिवस. सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, जुन्या बोगद्यात मी जखमी होतो आणि ते मला शोधून काढतात.

तीस वर्षं ड्रिल चालवलं मी. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात धूळ बसलीये. मी म्हटलं, मग झाडून काढा की. तो हसला नाही. डॉक्टर लोकांना हसण्याचे वेगळे पैसे पडत असावेत. मग कंपनीने मला हे पडून राहायचं काम दिलं. सव्वादोन वर्षं झाली. दर शनिवारी कपाळाला लाल रंग फासायचा, पायाला लाकडी फळी बांधायची आणि कण्हायचं. शिकाऊ येऊन विचारतात, "काका, कुठे दुखतंय?" मी म्हणतो, "सासरी." मला सासर नाही, तरी दुखतं.

वर्ग घेते ती शिट्टीबाई. हे नाव मी ठेवलं. तिच्या गळ्यात शिट्टी असते, हातात कागद असतात, आणि हसणं ती दर शनिवारी घरी विसरून येते. पण शिकवते चोख.

तर बोगदा असा. तोंडापासून शेवटच्या भिंतीपर्यंत साठ पावलं. तिसाव्या पावलावर शिकाऊच सुट्या दगडांचा बांध रचतात आणि मी बांधाच्या आत, शेवटच्या भिंतीजवळ जाऊन पडतो. ती भिंत सिमेंटची, चुना मारलेली. जमिनीलगत एक जुना लोखंडी पाइप आहे. पूर्वी त्यातून आत हवा सोडायचे. तो बाहेरून येतो आणि भिंतीत जातो. बाहेरचे लोक त्या पाइपवर तीन ठोके देतात. म्हणजे 'आत कुणी आहे का?' मग मशिनं बंद, बोलणं बंद, एक मिनिटभर कुणी पायसुद्धा हलवायचा नाही. आतल्याने उत्तर द्यायचं. जितके जिवंत, तितके ठोके. पाइपला कान लावून बसलेला माणूस आकडा खडूने पाटीवर लिहितो. तेवढी माणसं बाहेर आली की शोध थांबतो. त्यानंतर कुणीही आत पाऊल टाकायचं नाही.

आत मी एकटा. म्हणून एक ठोका.

२

त्या शनिवारी पाच जण होते. त्यातला एक इतका उंच की छताची सगळी खबर आधी त्याच्या हेल्मेटला कळायची. त्याचं नाव लंबू पडलं, म्हणजे मीच पाडलं.

तीन ठोके आले. मी हातातल्या दगडाने पाइपवर एक ठोका दिला आणि पडून राहिलो. त्या दिवशी काही चेष्टा सुचत नव्हती. बांध उपसून त्यांनी मला गाठलं. लंबूने माझी नाडी शोधता शोधता स्वतःचीच मोजली आणि म्हणाला, "काका घाबरलेत, फार जोरात चाललीये." मला स्ट्रेचरवर घालून उन्हात आणून ठेवलं. आता शिट्टी होईल आणि चहा येईल म्हणून मी फळी सोडायला लागलो, तर चौघं पुन्हा आत निघाले.

"कुठे निघालात रे? मी इथे आहे."

"दुसरा राहिलाय ना, काका," लंबू म्हणाला.

"दुसरा कोण? तुझा मेव्हणा?"

त्याने पाटी दाखवली. पाटीवर दोन.

शिट्टीबाई आली. "काका, दोन वाजवलेत?"

"एक."

"तू किती ऐकलेस?" तिने लंबूला विचारलं.

"दोन, मॅडम. एक मोठा आला. मग थोडं थांबून एक बारका."

"बारका म्हणजे?"

लंबूला सांगता येईना. "म्हणजे... लांबून मारल्यासारखा."

बाकीचे हसले. माझं नाव त्यांच्या कानावर आधीच गेलेलं होतं. मागे एकदा मी रबरी हात दगडाखाली ठेवला होता आणि तो ओढल्यावर एक आडदांड गडी बेशुद्ध पडला होता, ते पुराण दर तुकडीला कुणीतरी ऐकवतंच. सवयीने मीही हसलो. शिट्टीबाईने कागदावर काहीतरी खोडलं. आकडा चुकला म्हणजे तुकडी नापास. पाचही जणांना पुन्हा आठवडाभर वर्गात बसायला लागणार होतं.

घरी जाताना मी स्वतःला समजावत होतो. लोखंड आहे, उन्हाने तापतं, तडकतं. किंवा भिंतीवर आपटून आवाज परत येत असेल, प्रतिध्वनी. मग मनात आलं, सव्वादोन वर्षं मी तिथे पडतोय. प्रतिध्वनी काय आत्ताच भरती झालाय?

३

निघताना शिट्टीबाईने मला बाजूला घेतलं होतं. "काका, ही माणसं हे शिकून खाली जातात. आकड्यावर विश्वास नाही ठेवायचा असं शिकली, तर उद्या खऱ्या ढिगाऱ्यात कुणीतरी आत राहून जाईल. पुन्हा असं झालं तर मला दुसरा जखमी शोधावा लागेल."

"मिळायचा नाही. मेहनतीचं काम आहे."

तिने हातातल्या कागदांची घडी घातली. मग म्हणाली, "तुम्हाला तर हे सांगायला लागू नये."

घरी आम्ही दोघंच. मी आणि माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. दोन खोल्या, मध्ये दार. पुतणी लग्न होऊन लांब गेली. माझं लग्न झालं नाही. एक मुलगी बघायला गेलो होतो, तिथे तिच्या बापाची चप्पल लपवली आणि ती कुठे ठेवली ते मीच विसरलो. ही गोष्ट वहिनीला शंभर वेळा सांगितलीये आणि ती शंभर वेळा हसलीये. दिवसातून एकदा तरी वहिनीला हसवायचं असा माझा नेम आहे. कधी डब्यांची झाकणं बदलून ठेवतो. कधी तिच्या चष्म्याला धागा बांधून ओढतो. सदुसष्ट वर्षांची बाई, पण हसायला लागली की पदर तोंडात कोंबते.

त्या दिवशी ती खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती. मी आत आलो तरी मान वर केली नाही.

"भावजी, आज दोन वाजवलेत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"त्या उंच मुलाची आई. नळावर भेटली होती."

"एकच वाजवला मी."

तिने आणखी चार शेंगा सोलल्या. "माझ्या चहात मीठ घाला. चपला लपवा. चष्मा लपवा. पण तिथे नका करू, भावजी. तिथे नको."

"वहिनी, खरंच एक वाजवला."

"बरं," ती म्हणाली. मला पटलेलं नाही, पण वाद घालत नाही, असा तिचा एक 'बरं' आहे. तो मी एकतीस वर्षं ऐकतोय.

४

हो, तोच बोगदा. लोक विचारतात, तिथे पडून राहताना तुला काही वाटत नाही का? मी म्हणतो, वाटतं की. गार वाटतं.

एकतीस वर्षांपूर्वी तो साठ पावलांचा नव्हता, चांगला तीनशे पावलं आत जायचा. मी आणि दादा शेवटाला काम करत होतो. दादा पुढे, मी मागे. त्या दिवशी दादा माझ्यावर रागावलेला होता. मी त्याच्या डब्यात खडे भरले होते आणि त्याने उपाशीपोटी झाकण उघडलं होतं. "आज तुझ्याशी बोलणार नाही," असं म्हणून तो आत गेला. तासाभराने छत खाली आलं.

दिवा विझला. पाय अडकला होता, बाकी मी धड होतो. चाचपडताना दगडांच्या फटीतून आलेला दादाचा हात सापडला, मनगटापर्यंत. तो धरला. गार होता. हाका मारल्या. उत्तर नाही. मग पाइपवर तीन ठोके आले. मी एक दिला.

चार तासांनी मला बाहेर काढलं. उन्हाने डोळे उघडेनात. मुकादम माझ्या तोंडाजवळ वाकला आणि म्हणाला, "दोन ठोके आले होते. दुसरा कुठेय?" त्याच्या मागे सहा जण हेल्मेटं चढवून उभे होते. आतले लाकडी टेकू करकरत होते, ते बाहेरही ऐकू येत होतं. त्यांच्या मागे दोरी बांधलेली होती, आणि दोरीला धरून वहिनी उभी होती. 'दोन' हा आकडा तिने ऐकला होता. त्या वेळचं तिचं तोंड मला लिहिता येणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

मी दुसरा ठोका ऐकला नव्हता. मला एवढंच माहीत होतं की हात गार आहे. मेलेल्या माणसासाठी सहा जिवंत माणसं त्या छताखाली जातील.

मी म्हणालो, "दोन्ही मीच वाजवले. चेष्टा केली."

आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तेवढी माझी कमाई होती. मुकादम नुसता उठून उभा राहिला. वहिनी दोरीखालून आली आणि शंभर माणसांसमोर तिने माझ्या थोबाडीत मारली. ती एकच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

संध्याकाळी आतलं उरलेलं छत बसलं. मग साठाव्या पावलावर भिंत घातली.

त्या सहांपैकी चौघं अजून आहेत. रस्त्यात दिसले की मी त्यांच्या टोप्या उडवतो आणि मनात म्हणतो, बघा, माझ्यामुळे फिरताय. हे मी नेमाने म्हणतो. न म्हणता त्यांच्या बाजूने जाता येत नाही.

फक्त एक गोष्ट आहे. ड्रिलच्या टोकावर दिवसभर पाणी सोडतात, धूळ बसावी म्हणून. ड्रिल धरणाऱ्याचे हात त्या पाण्यातच असतात. खाणीत सगळ्यांचेच हात गार असतात.

५

पुढच्या शनिवारी लंबू बांध रचता रचता माझ्या कानाशी आला. "काका, पाया पडतो, आज एकच हां. पास झाल्याशिवाय कामावर घेत नाहीत, आणि आई दोन वेळा जेवण वाढताना चार वेळा ऐकवते."

"आईला सांग, काका म्हणाले, उंचीप्रमाणे वाढा."

"काका!"

"एकच. शपथ."

आत पडलो. बांधाचा शेवटचा दगड बसला, उजेड गेला. टोपीवरचा दिवा मी बंद केला, कारण जखमीचा दिवा विझलेला असतो असं शिट्टीबाईचं म्हणणं. तीन ठोके आले. मी एक दिला आणि तळहात पाइपवर दाबून धरला.

मनात मोजत होतो. अकरापर्यंत आलो असेन. तेवढ्यात तळहाताला बारीक हिसका बसला. कानाला काही ऐकू आलं नाही. भरल्या टाकीवर कुणी पलीकडून बोट मारलं तर कसं अलीकडे कळतं, तसं. आणि तो बाहेरच्या बाजूने आला नाही. माझं मनगट भिंतीकडे होतं, बोटं बाहेरच्या बाजूला. आधी मनगटाला लागलं, मग बोटांना.

पाटीवर दोन. शिट्टीबाई माझ्याशी बोललीच नाही. तुकडीला म्हणाली, "पुढच्या शनिवारी शेवटची संधी. तेव्हाही हेच झालं तर मी काकांच्या जागी पोतं ठेवीन." लंबूने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच खोड्यांचा कंटाळा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक खरं बोलत होतो, आणि माझ्यावर विश्वास ठेवायला मी स्वतःसुद्धा तयार नव्हतो. मीच मारत असेन का? हात आपोआप चालत असेल? म्हाताऱ्यांचं पाणी आपोआप जातं, तर ठोका का नाही जाणार?

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी ठरवलं, वाजवायचंच नाही. दगड बाजूला टाकला. दोन्ही हात छातीवर घेतले आणि बोटांत बोटं अडकवून घट्ट धरली. तीन ठोके आले. मिनिटभर शांतता. मी श्वासही बेताने घेतला.

मग बाहेरून हलकासा गलका झाला आणि दगड उपसायला सुरुवात झाली. मला वाटलं, उत्तर आलं नाही म्हणून घाबरलेत. पहिली फट पडली तसा लंबूचा आवाज आत आला.

"एक! काका, एकच आला! एकदम नीट आला!"

६

ते पाचही जण इतके खूश होते की मला उचलताना माझी चौकशी करायचंही विसरले. शिट्टीबाईसुद्धा आत आली आणि म्हणाली, "आज नीट वागलात." मी मान हलवली. बोटं अजून सुटत नव्हती. त्यांनी मला स्ट्रेचरवर घालून तीन पट्टे आवळले. डोकं भिंतीकडे, पाय बाहेरच्या दिशेला.

"थांबा," शिट्टीबाई म्हणाली. "जखमीला हलवायच्या आधी काय करायचं?"

"छत आणि भिंती ठोकून बघायच्या, मॅडम."

लंबूने पहार घेतली. छत खणखणीत वाजलं. डावी बाजू, उजवी बाजू, खणखणीत. मग त्याने माझ्या डोक्यावरून हात लांबवून चुन्याची भिंत ठोकली.

बद्द.

त्याने जरा खाली ठोकून बघितलं. बद्द. चुन्याची पापडी माझ्या कपाळावर पडली. शिट्टी झाली, आणि सहा दिवस, म्हणजे त्यांचे अठरा दिवस, जे शिकले होते ते त्यांनी अगदी बरोबर केलं. बद्द वाजलं की मागे फिरायचं. सगळे फिरले. त्या घाईत एवढंच राहून गेलं की मी तिथेच होतो, तीन पट्ट्यांत आवळलेला.

मला हसू आलं. शप्पथ सांगतो, आधी हसूच आलं. त्यांच्या पायांचा आवाज बोगद्याच्या तोंडापर्यंत गेला आणि थांबला.

मान वळवली तर पाइप माझ्या नाकाजवळ होता. भिंतीत शिरतो तिथलं सिमेंट गळून पडलं होतं आणि पाइपभोवती बोटभर फट होती. खाली बारीक भुगा पडला होता, ताजा. फटीत उजेड दिसला. टोपीवरचा माझा दिवा त्यांनी लावला होता, तोच परतत असेल म्हणून मी मान हलवून टोपी भिंतीवर घासली आणि दिव्याची कळ दाबली. दिवा गेला.

फटीतला उजेड गेला नाही. पिवळट होता. हल्लीचे दिवे पांढरे असतात.

खाणीतली एक रीत सांगतो, वर्गात शिकवत नाहीत. टोपीवर दिवा असलेला माणूस समोरच्याकडे बघतो तेव्हा दिव्यावर तळहात धरतो, त्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. मग बोटांतून लाल उजेड येतो. मी नवा होतो तेव्हा ही रीत पाळायचो नाही, मुद्दाम लोकांच्या डोळ्यांवर दिवा मारायचो. दादा मात्र कधी चुकला नाही. माझ्याशी अबोला धरलेला असला तरी तो हात धरायचाच.

फटीतला पिवळा उजेड हळूच लाल झाला. मध्ये काळ्या रेघा होत्या. मी मोजल्या नाहीत. डोळे मिटून घेतले.

मग पाइपवर ठोके आले. पलीकडून. तीन.

तीन म्हणजे काय ते तुम्हाला सांगितलंय. तिकडून कुणीतरी विचारत होतं, आणि मग पुरं मिनिटभर तिकडेही काही हललं नाही. माझे हात पट्ट्यांत होते, पण डोकं मोकळं होतं. हेल्मेटने पाइपवर एक ठोका देणं काही अवघड नव्हतं.

मी दिला नाही.

"काका! आईशप्पथ, काका, विसरलोच!" लंबू धापा टाकत आला आणि एकट्यानेच स्ट्रेचर फरफटत मला बाहेर नेलं. वाटेत माफी मागत होता. पाच-सहा वेळा मागितली. मी त्याला म्हटलं, "असू दे रे. होतं असं." बाहेर आल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मॅडम, काका खरंच रडतायत. की चेष्टा करतायत?"

७

मंगळवारी दुपारी शिट्टीबाई घरी आली. गळ्यात शिट्टी नव्हती, त्यामुळे मला आधी ओळखूच येईना. वहिनीने तिला खुर्ची दिली, चहा दिला. मी चहात मीठ घातलं नाही.

"भिंतीमागे पोकळी झालीये," ती वहिनीला म्हणाली. "तशीच ठेवली तर धोका आहे. सगळं आतून काँक्रीटने भरून टाकायचं असं ठरलंय, परवापासून. पण आत तुमचे... म्हणजे आत माणूस आहे. म्हणून घरच्यांची हरकत नाही असं लिहून घ्यावं लागतं. हरकत असेल तर आधी भिंत उघडून आत शोध घेतात, मगच भरतात. दोन्हीपैकी काहीही चालतं, मावशी. घाई नाही. सकाळी येऊन मी कागद घेऊन जाईन."

ती गेल्यावर वहिनीने चष्मा पुसून घातला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी बोट ठेवून वाचला. जोडाक्षरं आली की थांबत होतो. एरवी तिने हसून 'मास्तर, पुढे' असं म्हटलं असतं.

"म्हणजे इथे सही केली की झालं," ती म्हणाली.

"हो."

"एकतीस वर्षांनी विचारायला आले." तिने पेनाचं टोपण काढलं. "भरून टाकू देत. त्यांना तरी आता कोण कशाला हलवणार? आहेत तिथे निजू देत."

"वहिनी, थांबा."

"काय?"

"मी तेव्हा एकच वाजवला होता."

तिने पेन खाली ठेवलं नाही. बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटली. मी बोलत सुटलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. म्हटलं, दुसरा मी वाजवला नव्हता. कुणी वाजवला ते मला ठाऊक नव्हतं. मग म्हटलं, नाही, खोटं बोलतोय, मुकादमाने 'दोन' म्हटल्याबरोबर मला कळलं होतं. सहा माणसांचं मी मनाला नंतर समजावलं, वहिनी. त्या वेळी ती माझ्या डोक्यातही नव्हती. आतली जागा मला एकट्याला माहीत होती. मुकादम म्हणाला असता, चल, दाखव. मला पुन्हा आत जायचं नव्हतं. एवढंच होतं. उन्हात पडलो होतो आणि मला तिथेच पडून राहायचं होतं.

"आणि आता," मी म्हटलं, "शनिवारीही मी वाजवला नाही. तो पोरगा ऐकतो ते खरं आहे. हरकत लिहा. भिंत उघडू देत. काय असेल ते असेल. सही करू नका."

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यभर त्या तोंडावर हसू कुठून फुटतं ते पाहत आलोय, डाव्या गालापासून. गाल हलला नाही. तिने कागदावरची सहीची जागा बोटाने चाचपली, जणू ती तिथेच आहे ना ते बघत होती.

"मग मी किती दिवस धरायचे?" तिने विचारलं. "एक? दोन? आत हवा किती होती?"

"वहिनी..."

"त्या संध्याकाळी छत बसलं तेव्हा मी घरी होते. मुलीला निजवत होते. ते सकाळीच गेलेत, त्यांना काही कळलंही नाही, असं सांगत होते तिला." तिचा आवाज वर गेला नाही. "तुमच्या चेष्टेचा मला किती राग आला होता, माहितीये? आणि त्याच चेष्टेवर मी एकतीस वर्षं झोपले."

मी तिच्या हाताकडे हात नेला. तिने तो मागे घेतला. पेन अजून तिच्या हातात होतं, टोपण काढलेलं.

"तेव्हा शंभर माणसांसमोर म्हणालात ना, चेष्टा केली म्हणून?" ती म्हणाली. "मग आता मी एकटीच आहे, भावजी. आताही म्हणा."